विहिरीवरची हाक

जुन्नर,
मे २००७

प्रिय अमृता,

तुझं जानेवारीतलं पत्र मला मिळालं होतं. पोस्टाला बोल लावू नकोस. पोस्टमन वेळेवर आला आणि जाताना पाकिटावरचा आफ्रिकेचा स्टॅम्प भाच्यासाठी मागून घेऊन गेला. तू दोनदा फोन केलास तेव्हाही मी घरातच होते. पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा उचलून ठेवून दिला. फोनवर मला फक्त भांडता येतं, आणि एकदा सुरू झाले असते तर तुझं कार्ड संपलं असतं, माझं भांडण नाही. तू पत्रात एकच गोष्ट विचारलीस. लेकीला, इफराला, घेऊन कायमची परत यावंसं वाटतंय, पण उतरायचं कुणाच्या दारात? तुझ्या आईवडिलांचं दार लग्नापासून बंद आहे, आणि माझं उघडं आहे की नाही याची तुला आता खात्री नाही. त्याचंच उत्तर द्यायला आज बसले आहे. पण तू मला ओळखतेस. फळ्यावरसुद्धा मी आधी सगळ्या पायऱ्या लिहिते आणि उत्तर शेवटी, तेव्हा दम धर.

इथलं सगळं तसंच आहे म्हणावं तर तसंच आहे. रविवारचा बाजार भरतो, आता टोमॅटोवाल्यांच्या हातात मोबाईल असतात आणि ते भाव आपल्याला सांगायच्या आधी नारायणगावला विचारतात. शाळेत मी सातवीला गणित शिकवते. घरी आले की टीव्ही लावते, बघायला नाही, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. एका माणसापुरती भाकरी थापणं फार अवघड असतं गं, पीठ नेहमी जास्तच होतं. शाळेत मी 'बाई', मोहल्ल्यात 'अन्सार मिस्त्रींची लेक', रेशनच्या दुकानात 'ओ मॅडम'. ताहेरा म्हणून हाक मारणारं कुणी उरलेलं नव्हतं. मध्ये एकदा भात लावताना मी स्वतःलाच नावानं हाक मारून बघितली, आणि इतकी दचकले की गॅसच बंद केला. हसू नकोस. हसलीस तरी चालेल, निदान तू हसतेस असं वाटेल.

अब्बांचं दुकान त्यांच्यानंतर या एप्रिलपर्यंत बंदच होतं. तरी शटरच्या फटीतून वार्निशचा वास यायचा. तुला आठवतं ना, बाकावर तांब्याच्या तारांची वेटोळी, कोपऱ्यात जळालेल्या मोटरी, आणि भिंतीला खुंटीवर कप्पी आणि तो जाड दोर. साऱ्या पंचक्रोशीत कुणाच्या विहिरीत मोटर पडली की आधी भागूकाकांना निरोप जायचा आणि मग अब्बांना, म्हणजे तुझे वडील खाली उतरणार आणि माझे वर राहणार. खाली गाळात मोटर शोधून दोर बांधायचं काम काकांचं, वर आल्यावर तिचं वायंडिंग करायचं काम अब्बांचं. पण मधलं काम सगळ्यात मोठं होतं आणि त्याला दाम नव्हता. उन्हाळ्यात खोल विहिरीच्या तळाशी हवा खराब असते, माणूस ओरडतही नाही, नुसता मऊ होऊन बसतो. म्हणून अब्बा दोर हातात धरून सारखी हाक मारायचे, "भागू?" आणि खालून यायचं, "हाय." पुन्हा "भागू?", पुन्हा "हाय." मधे दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही, विडी ओढायची नाही. दोनदा हाक मारून ओ आली नाही की काही न विचारता ओढायचं. आणि एक नियम होता, हाक नेहमी वरच्यानं मारायची. खालच्यानं फक्त ओ द्यायची, त्याचा दम वाया जाऊ नये म्हणून. रविवारी आपण दोघी बरोबर जायचो तेव्हा अब्बा कधीकधी मला हाक मारायला लावायचे, आणि तू विहिरीच्या काठावर पालथी पडून खाली बघायचीस. आमचा इरफान तेव्हा कप्पीला ग्रीस लावत असायचा. तू विहिरीत बघतेस असं मला वाटायचं. मी किती भोळी होते ते आता सांगायला नको.

लग्न तुम्ही पुण्याला कोर्टात केलंत आणि इरफानला नोकरी मिळाली म्हणून आफ्रिकेला निघून गेलात. मागे आम्ही राहिलो. अब्बांना राग आला तो तुझ्या जातीचा नाही, तुला माहीत आहे. एका तांब्यानं पाणी पिणारी माणसं ती, काका सलाम म्हणायचे आणि अब्बा जय भीम म्हणायचे. राग आला तो दोघांना न सांगता केल्याचा. अब्बा म्हणाले, भागूच्या पोरीनं माझा मुलगा नेला. काका म्हणाले, अन्सारच्या पोरानं माझी पोरगी नेली. आणि दोघंही एकाच जोडप्याबद्दल बोलत होते. त्यानंतर काका दुसऱ्या पोरांना दोराला लावून उतरू लागले आणि अब्बा फक्त वायंडिंग करू लागले. शेवटच्या वर्षात अब्बांना नीट दिसत नव्हतं, तरी दुकानाच्या पायरीवर बसायचे. रस्त्यानं कुणी खोकलं तरी विचारायचे, भागू आहे का? मी म्हणायचे, तुम्हीच बोलवा ना मग. तर म्हणायचे, "मी खाली पडलोय ताहेरा. हाक त्यानं मारायची." मला वाटायचं वयामुळे काहीतरी बरळतात. अब्बा गेले त्या दिवशी काका कब्रस्तानात आले नाहीत. कुणी म्हणालं, ते समोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर बसून होते. बसून होते तर उठून चार पावलं यायला काय झालं होतं, हे मी त्यांना माफ केलं नव्हतं.

मग उरली तुझी पत्रं. त्या तुमच्या गावाचं नाव पाकिटावर लिहिता लिहिता पेन संपतं, पण तुझ्या वस्तीतली गल्ली न् गल्ली मला पाठ आहे. तुमच्या शेजारची नोमुसा आजी, जिला सगळे गोगो म्हणतात आणि जिनं तुझं बाळंतपण केलं, ती मला आपल्या बाजारातल्या बायकांपेक्षा जास्त ओळखीची वाटते. तू लिहिलं होतंस की तुम्ही तिथे जायच्या आधी त्या वस्तीत दोन पक्षांच्या लोकांनी एकमेकांची घरं जाळली होती. गोगोचा थोरला मुलगा त्यात गेला. आणि ज्या घरातले लोक जाळायला आले होते त्या घरातला माणूस आता तिचं छप्पर शाकारून देतो. मी विचारलं होतं, तिला राग येत नाही का? तू लिहिलंस, येतो, ती त्याला तोंडावर सांगते, आणि मग जेवायला वाढते. त्यांच्याकडे त्या समजुतीला उबुंटू म्हणतात. एकट्यानं माणूस होता येत नाही, दुसरे असतात म्हणून आपण असतो, असं काहीसं. चुकलेल्याला हाकलून दिलं तर तो कुठेतरी जाऊन पुन्हा आग घेऊनच येणार, म्हणून त्याला आत घ्यायचं, सगळ्यांसमोर बोलायला लावायचं आणि मग एका भांड्यात राख कालवलेलं पाणी घेऊन दोन्हीकडच्यांनी बरोबर हात धुवायचे. एकदा हात धुतले की तो विषय पुन्हा भांडणासाठी काढायचा नाही. मला ते वाचून फार आवडलं होतं, अगदी खरं सांगते. मी स्टाफरूममध्येसुद्धा ते सांगितलं होतं. दुसऱ्याच्या घरातली रीत वाचायला नेहमीच छान वाटते.

मग गेल्या जूनमध्ये तुझा फोन आला. त्या दिवशी मी शाळेत गेले, अपूर्णांकांची बेरीज शिकवली आणि परत आले. कुणाला सांगितलं तर ते खरं होईल असं वाटत होतं. अजून मन धीट करते आहे तोवर तुझं पत्र आलं. त्यात तू सगळं लिहिलं होतंस. गोगोचा नातू सिफो, जो भाड्याची गाडी चालवतो, प्रवासी मिळवायला दुसऱ्या गाडीशी शर्यत लावत होता, आणि कामावरून पायी घरी येणारा इरफान त्याच्या गाडीखाली आला. पोलीस त्यांचं काम करत होते. पण चौथ्या दिवशी गोगो आणि तिच्या घरचे सगळे येऊन तुझ्या दारात जमिनीवर बसले, उठेनात, आणि शेवटी तू त्या पोराच्या आईबरोबर राखेच्या पाण्यात हात धुतलेस. चौथ्या दिवशी, अमृता. माझ्या भावाची माती सुकली नव्हती. मी ते पत्र फाडलं नाही एवढंच. तू कोण लागून गेलीस हात धुणारी, तो माझ्या आईचा मुलगा होता, असं मला वाटलं आणि आजही कधीकधी रात्री वाटतं. म्हणूनच मी मोहल्ल्यात कुणाला काही सांगितलं नाही. बायका बसायला आल्या असत्या, कसं झालं विचारलं असतं, आणि मग हे हात धुणंही सांगावं लागलं असतं. ती उबुंटूची गोष्ट मी स्टाफरूममध्ये परत कधी काढली नाही. इतरांच्या घरात घडते तोवर ठीक असते ती. त्यामुळे भाऊ गेला आणि माझ्या दारात एक माणूस आलं नाही, आणि त्याचा दोष मी तुला देत राहिले.

आता एप्रिलमधलं ऐक. एका रविवारी सकाळी दार वाजलं आणि उघडून बघते तर भागूकाका. पायरीच्या खाली उभे. फार वाळलेत, पण पाठ ताठ आहे. माझ्याकडे न बघता शटरकडे बघत म्हणाले, अन्सारची कप्पी हाय का गं? खोडदला संपतच्या विहिरीत मोटर पडली होती, विहीर जुनी, अरुंद आणि खोल, आणि त्यांच्याशिवाय तिच्यात उतरणारं कुणी मिळत नव्हतं. मी शटर अर्धं वर केलं, कप्पी काढून दिली. त्यांनी ती पोटाशी धरली, चाक फिरवून बघितलं, आणि तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, पोरं दोर वढत्यात चांगली, पर हाक मारत न्हाईत. मागल्या खेपेला खाली त्यांना गरगरलं होतं आणि वर पोरं मोबाईलवर गाणी ऐकत होती, स्वतःच दोर हिसकून वर आले. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तू येतीस का, ताहेरा? हाक माराया." मला दार लावायचं होतं. अब्बांच्या मातीला न आलेला माणूस, त्याच्या हाकेचं मला काय पडलंय. पण किती दिवसांनी कुणी नाव घेतलं होतं. मी म्हणाले, थांबा, चप्पल घालते.

संपतच्या पिकअपमध्ये आम्ही दोघं मागे बसलो, मधे कप्पी. खोडदजवळच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या छत्र्या तुला आठवतात तशाच आहेत, सगळ्या एका बाजूला तोंड करून हळूहळू फिरत होत्या. आकाशातलं कुठलं कुठलं त्यांना ऐकू येतं म्हणतात, आणि आम्ही दोघं एका हौद्यात बसून खोकल्यापलीकडे काही ऐकत नव्हतो. विहिरीवर संपत आणि त्याच्याकडची दोन पोरं दोराला होती. काका कमरेला दोर बांधून उतरले, आणि मी काठावर पालथी पडले, तू पडायचीस तशी. तळाला गुडघाभर पाणी आणि काळा गाळ, काकांचा पांढरा सदरा तेवढा दिसत होता. मी हाक मारली, "भागूकाका?" खालून आलं, "हाय." आवाज तोच. मला क्षणभर वाटलं मागे अब्बा उभे आहेत.

असं बराच वेळ चाललं. मी हाक मारायची, ते ओ द्यायचे. मग एकदा माझ्या हाकेला 'हाय' आलंच नाही, त्याऐवजी खालून प्रश्न आला. "पोरगी कशी हाय?" बघ, नऊ वर्षं ज्या माणसानं तुझं नाव घेतलं नाही, जो माझ्या दारात उभा राहून शटरशी बोलला, त्याला विचारायला विहिरीचा तळ लागला. तिथे त्यांचं तोंड कुणाला दिसत नव्हतं ना. मी सांगायला लागले. तू बालवाडीत शिकवतेस, तुझे केस पांढरे व्हायला लागलेत, इफरा सात वर्षांची आहे, डावखुरी आहे आणि तिच्या आजोबांसारखंच तिलाही पाण्याचं भय नाही. काकांचे हात खाली थांबले होते. मग म्हणाले, "आन त्यो?" इरफानचं नाव ते अजून घेत नव्हते. मी म्हणाले, "तो गेला, काका. गेल्या जूनमध्ये." पहिल्यांदाच मी ते तोंडानं कुणाला सांगितलं, आणि सांगितलं ते विहिरीत.

खालून काही आलं नाही. मी हाक मारली. नाही. पुन्हा हाक मारली. नाही. पोरांनी दोर ताणला, आणि तेवढ्यात अगदी बारीक आवाजात आलं, "हाय. वढू नगा." थोड्या वेळानं विचारलं, कसा. आणि मग, अमृता, वर्षभर जे मी कुणाजवळ बोलले नव्हते ते सगळं त्या विहिरीत ओरडले. सिफोचं, त्या गाडीचं, गोगो दारात येऊन बसली त्याचं, त्या राखेच्या पाण्याचं. तुमच्या मुलीनं माझ्या भावाला मारणाऱ्यांबरोबर हात धुतले, चौथ्या दिवशी, असंही म्हणाले. माझाच आवाज खालून परत येत होता. मला वाटलं ते माझी समजूत काढतील, नाहीतर तुझ्यावर संतापतील. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तवा तिच्या बाजूनं कोन व्हतं?"

मी पालथी पडल्या पडल्या तुझं पत्र आठवायला लागले. त्यात ते होतं. तू लिहिलं होतंस की त्यांच्या रीतीत दोन्ही बाजूंना घरची माणसं लागतात, आणि तुझ्या बाजूला उभं राहायला कुणीच नव्हतं, म्हणून गोगोची सख्खी बहीण तिकडून उठली आणि तुझ्या बाजूला येऊन बसली. तिनं तुझा हात धरला आणि तुझ्याऐवजी ती रागावली, स्वतःच्याच लोकांना बोल बोल बोलली. ती ओळ मी वाचली होती, कितीदा वाचली असेल, पण माझा डोळा दर वेळी त्या पोराच्या आईवर जाऊन थांबायचा. तुझ्या शेजारी कोण बसलं याचा विचार मी केला नव्हता. मी काकांना खरं ते सांगितलं, म्हणाले, आपल्यातलं कुणी नव्हतं, त्यांच्यातलीच एक बाई उठून आली. खाली पाण्याचा आवाज झाला, बहुतेक ते खाली बसले. मग हळू म्हणाले, "अन्सार वर हाय, त्यो हाक दील, असं धरून बसलो मी. टपरीवर बी तेच. कोनी तरी बोलवंल म्हनलं." आणि मला अब्बा आठवले, पायरीवर बसलेले, मी खाली पडलोय म्हणणारे. दोघंही स्वतःला विहिरीत समजत होते गं. दोघंही नियम पाळत होते आणि वरच्या हाकेची वाट बघत होते, आणि वर कुणी नव्हतंच.

मोटर वर आली, मागून काका आले. गाळानं आणि ग्रीसनं कोपरापर्यंत काळे. त्यांनी संपतच्या आईला, कुशाबाईला, चुलीतली राख आणि घमेलंभर पाणी मागितलं. तिला वाटलं ग्रीस काढायला हवीय, ती पसाभर राख टाकून निघून गेली. काका घमेल्यापाशी उकिडवे बसले आणि मला म्हणाले, "आदी बोलायचं असतंय म्हनलीस न्हवं? बोल." मी बोलले. अब्बांच्या मातीला तुम्ही आला नाहीत, त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत तुमची वाट बघितली, असं सगळं, संपतच्या देखत. त्यांनी टपरीचं कारण पुन्हा सांगितलं नाही. "न्हाई आलो," एवढंच म्हणाले, आणि हात पाण्यात घातले. मी पण घातले. पाण्यात राख खरखरीत लागते. त्यांच्या बोटांवरच्या भेगा माझ्या हाताला लागत होत्या, आणि मी खाली बघत राहिले कारण वर बघितलं असतं तर काका अवघडले असते. येताना पिकअपमध्ये म्हणाले, ते आफ्रिकेतले लोक जे म्हणतात ते नवं काय आहे, आपण इतकी वर्षं सभेत उभं राहून बंधुता बंधुता म्हणतोच की. मग कप्पीचं चाक फिरवत म्हणाले, म्हनत व्हतो फकस्त.

पुढच्या रविवारी तुझी आई आली. बनाकाकूंच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. सोडलं तर पिठलं आणि भाकरी. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारपाजारचे आणतात, तसं. वर्षभर उशिरा, पण इरफानच्या नावानं माझ्या घरात आलेलं ते पहिलं अन्न. मी कुणाला सांगितलंच नव्हतं, तर आणणार कोण? त्या दिवशी मी रडले, भरपूर, आणि काकू शेजारी बसून भाकरी मोडून माझ्या हातात देत राहिल्या. मग त्यांनी तुझी पत्रं मागितली, अगदी पहिल्यापासून वाच म्हणाल्या. दर रविवारी बाजार करून त्या येतात आणि मी वाचते. काल आम्ही सन दोन हजारपर्यंत आलो, इफरा जन्मली. काकूंनी मधेच थांबवून विचारलं, "पोरीला मराठी येतंया का?" मी म्हटलं येतं, पण तिकडचे सूर लागतात. त्या म्हणाल्या, लागू दे. ज्या पत्रात इरफान जातो ते पत्र त्यांनी बाजूला ठेवायला सांगितलंय. त्या दिवशी काकांनाही घेऊन येणार आहेत, आणि मला ते एकटीनं वाचावं लागणार नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. काकांना काल विचारलं, पोरीनं कुणाच्या दारात उतरायचं? ते म्हणाले, दुकानाच्या. शटर आम्ही उघडलंय, तारा झटकल्या, बाक पुसलं. तू आलीस की काका, काकू आणि मी तिथे असू, तिघंही एकाच बाजूला, तुझ्या बाजूला. त्या दिवशी जे उभे राहायला हवे होते ते. खोटं सांगत नाही, माझा राग गेलेला नाही. मी बोलणार आहे, सगळं बोलणार आहे, तेव्हा तयारीनं ये. राख मी डब्यात भरून ठेवली आहे. आणि गोगोच्या बहिणीला माझा सलाम सांग, माझ्या जागेवर बसली ती. हे पत्र मी उत्तर म्हणून लिहायला बसले होते, पण ते उत्तर नाही हे आता कळतंय. तू तिथे नवरा पुरलेल्या गावात एका पोरीला घेऊन बसलीस आणि मी इथे भावाला धरून बसले, आणि दोघींनी धरून चाललं की आपणच खाली आहोत. मी खाली नाही. माझ्या पायाखाली जुन्नर आहे, डोक्यावर अब्बांचं छप्पर आहे, दोर माझ्या हातात आहे. म्हणजे हाक मी मारायची होती. उशीर झाला, पण मारते. अमृता? अगं अमृता? ओ दे.

तुझीच,
ताहेरा